जुलैतला बर्फ

नवरा गेल्यानंतर मी त्याचा फोन बंद केला नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तो चार्जरला लावलेला असायचा. कुणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं, पण कुणी विचारलंही नाही. त्यावर दाताच्या डॉक्टरकडच्या अपॉइंटमेंटचा मेसेज यायचा, गाडीचं ऑइल बदलायचा यायचा. मी वाचायचे आणि फोन होता तिथे ठेवून द्यायचे. तो जानेवारीत गेला. सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या फोनवर लायब्ररीचा मेसेज आला, की तुम्ही राखून ठेवायला सांगितलेलं पुस्तक आलं आहे, सात दिवसांत घेऊन जा.

मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन घेऊन आले. राखीव पुस्तकांच्या फळीवर आमच्या आडनावाची चिठ्ठी लावून ते उभं होतं. किल्ल्यांच्या जुडग्यात त्याचं कार्ड होतं, ते मशीनसमोर धरलं. तीन आठवड्यांची तारीख छापलेली पावती आली. मागे बरेच लोक रांगेत आहेत, मुदत वाढवून मिळणार नाही, असंही त्यावर होतं. मेलेल्या नवऱ्यानं नंबर लावलेलं पुस्तक हातात आल्यावर बाईला रडू यायला हवं. मला पार्किंग लॉटमध्ये फक्त भूक लागली होती. त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं. बधिर हाताला चिमटा काढून बघावं तसं मी अधूनमधून स्वतःला आठवणी काढून बघायचे. काही होत नसे. मग भाजी चिरायला घ्यायचे.

पुस्तक माझ्यासाठी नव्हतं आणि नवऱ्यासाठीही नव्हतं. ते सासूबाईंसाठी होतं.

सासूबाई नागपूरच्या. आयुष्यभर मराठी शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. अभ्यासक्रमातले थोर लेखक त्यांनी पोरांच्या गळी उतरवले, पण स्वतःसाठी त्यांनी एकच माणूस राखून ठेवला होता. तो इंग्लंडचा एक खपाऊ कादंबरीकार. नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर त्याचं कव्हर फाटलेलं एक पुस्तक त्यांना मिळालं, ते त्यांनी दोन दिवसांत संपवलं, आणि तेव्हापासून त्याचं एकही सोडलं नाही. मी पुण्याची, त्यामुळे नाक मुरडणं माझ्या रक्तात आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या कपाटात ती जाडजूड पुस्तकं बघून मी म्हणाले होते, ‘‘आई, हे तर विमानतळावर मिळतं ते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘हो ना. थोर लेखक शिकवायला ठीक आहेत. वाचायला हा.’’

त्याची सगळी कुंडली त्यांना पाठ होती. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावचा, बापाचं मासळीचं दुकान, सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली. आधी रेडिओसाठी नाटुकली लिहिली, मग टीव्हीच्या मालिका, आणि चाळिशी उलटल्यावर कादंबऱ्या. माणसं साधीच असायची त्याची. बस चालवणारा, नर्स, नगरपालिकेतला कारकून. मालिका लिहायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे दर दोन-तीन प्रकरणांनी कुणीतरी दार वाजवायचंच. ‘‘दार वाजलं की पान उलटायचंच,’’ सासूबाई म्हणायच्या. ‘‘ह्याला माणसाला बसवून ठेवता येते.’’

आणि तो माणसं मारायचा. आजारपण, म्हातारपण असली तयारी न करता, अर्ध्या पुस्तकात, भाजी आणायला गेलेलं माणूस मारायचा. गंमत अशी, की त्याच्या कादंबऱ्यांच्या मालिका व्हायच्या, त्यांच्या पटकथाही तोच लिहायचा, आणि तिथं मात्र पुस्तकात मेलेली माणसं तो खुशाल जगवायचा. सासूबाईंचं म्हणणं, की पुस्तक माणूस एकट्यानं वाचतो, टीव्ही सगळं घर बसून बघतं, आणि घराला इतकं सोसत नाही. समजत होतं त्यांना, पण पटत नव्हतं. ‘‘एकदा मारला म्हणजे मारला. मग जिता करायला हा काय देव आहे बाप्पा?’’

सासरे वारले त्या वर्षी त्या असंच एक पुस्तक वाचत होत्या. त्यात एक म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या जातो. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतर त्या आमच्याकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला आल्या, आणि तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं एक काम अंगावर घेतलं. नवीन पुस्तक आलं की आधी तो वाचायचा. शिकागोच्या गाडीत जाता-येता, चार-पाच दिवसांत. आईला झेपेल असं असलं तर द्यायचा. नसलं तर सांगायचा, ‘‘आई, लायब्ररीतनं हरवलंय म्हणे.’’ मग रविवारी दुपारी आईला त्या लेखकाचीच एखादी मालिका लावून द्यायचा, जिच्यात सगळे जिवंत राहतात. सासूबाई वेड घेऊन पेडगावला जायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, ‘‘इतकी पुस्तकं एकाच लायब्ररीतून कशी हरवतात गं? चोर पण याचाच वाचक दिसतो.’’

जानेवारीत एका सकाळी तो नेहमीसारखा गाडी पकडायला गेला आणि प्लॅटफॉर्मवरच कोसळला. आमच्याकडे कळवायला पोलीस आला. बर्फ पडत होता, तो दारात टोपी काढून उभा होता, आणि त्यानं मला बसायला सांगितलं. सासूबाई आतून पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, एवढंच त्यांना दिसलं. त्या बिचाऱ्याला ग्लासाचं काय करावं कळेना. सगळं सांगून होईपर्यंत तो ग्लास दोन्ही हातांत धरून उभा होता. संध्याकाळी मला तो बुटांच्या रॅकवर सापडला, भरलेला. मी पाणी कुंडीत ओतलं आणि ग्लास डिशवॉशरमध्ये लावला.

त्यानंतर आम्ही दोघी त्या घरात राहिलो. मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला. दिवस झाले, माणसं येऊन गेली, डबे येऊन गेले. आमच्या दोघींत एक गोष्ट न बोलता ठरून गेली, की मरणाचा शब्द काढायचा नाही. आम्ही म्हणायचो, ‘जानेवारीनंतर’. जानेवारीनंतर दूध कमी लागतं. जानेवारीनंतर गराज साफ केलं नाही. त्याही रडल्या नाहीत, मीही नाही. लोकांना वाटत असेल, काय खमक्या आहेत दोघी. खमक्या कसल्या, दोन खांब होतो.

गणपतीत मंडळातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘मग आता त्या नागपूरला जाणार का?’’ सासूबाईंनी ते ऐकलं आणि परस्पर उत्तर दिलं, ‘‘दिवाळी झाली का जाते. इथं आता माझं काय काम?’’ त्यात राग नव्हता. मी घरी येऊन म्हणाले, ‘‘बघा, तुम्हाला बरं वाटेल तसं.’’ मला म्हणायचं होतं, जाऊ नका. त्याला चहात साखर किती लागायची हे माहीत असलेली जगात दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक विमानात बसून जाणार होतं. पण ज्याच्यामुळे त्या माझ्या कुणी होत्या तोच नव्हता. कुठल्या तोंडानं थांबा म्हणायचं? तिकीट मीच काढलं. खिडकीची सीट, व्हीलचेअर सांगितलेली, सगळं नीट.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचा पडदा सुटला. सकाळी उठून म्हणाल्या, ‘‘उजव्या डोळ्यावर कोणी पडदा ओढून राहिलं आहे.’’ दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता, तो पडद्याला जागेवर दाबून धरतो म्हणे. दोन नियम सांगितले. दहा दिवस मान खाली घालून राहायचं, जेवण आणि आंघोळ सोडून. आणि बुडबुडा पूर्ण जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही. तिकीट कॅन्सल केलं. मला बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

त्यासाठी एक खुर्ची भाड्यानं मिळते. मालिश करणाऱ्यांकडे असते तशी, पुढे झुकून बसायचं आणि चेहरा एका गोल गादीच्या भोकात ठेवायचा. फॅमिली रूममध्ये खिडकीपाशी ती लावली. सासूबाई दिवसभर तिच्यात बसायच्या आणि फरशीशी बोलायच्या. मला दिसायचा तो त्यांचा अंबाडा आणि मानेवरचा काळा दोरा. सासरे गेल्यावर मंगळसूत्र काढलं, पण त्यातला एक मणी त्या दोऱ्यात ठेवलाच होता त्यांनी.

‘‘ते पुस्तक आलं आहे ना?’’ पहिल्याच दिवशी फरशीला विचारलं त्यांनी. ‘‘त्याच्या फोनवर आलं होतं ते?’’

मी लपवून ठेवलं होतं, कपड्यांच्या कपाटात. काढून आणलं.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, ‘‘ममा, जस्ट प्ले द ऑडिओबुक फॉर आज्जी. व्हाय आर यू रीडिंग?’’ सासूबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं, ‘‘तो ऑडिओवाला नाटक करते. मला पुस्तक पाहिजे.’’ मी स्वतः वाचत होते त्याचं खरं कारण वेगळं होतं. ऑडिओवाल्याला काही गाळता येत नाही. ते त्यांना कळलं होतं का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नवऱ्याचं काम आता माझ्याकडे आलं होतं. सकाळच्या मीटिंगा झाल्या की मी गराजमध्ये गाडीत जाऊन बसायचे आणि पुढची पन्नास-साठ पानं वाचून यायचे. मग दुपारी एक तास, संध्याकाळी एक तास मोठ्यानं वाचायचं. माझं वाचन त्यांना पसंत नव्हतं. ‘‘सॉफ्टवेअरचं मॅन्युअल वाचून राहिली का तू? थोडं थांबत जा.’’ मी थांबायला लागले. चार-पाच दिवसांत जमलं.

कादंबरीत एक विधवा बाई होती, बंदराच्या गावात राहणारी, आणि तिचा चाळिशीतला मुलगा, ट्रक चालवणारा. दर शुक्रवारी आईकडे जेवायला येणारा. फार काही घडत नव्हतं. तो यायचा, गटाराची जाळी साफ करून द्यायचा, दोघं थोडं भांडायची. सासूबाई खुर्चीत खुशीत होत्या. ‘‘मोठा गुणाचा आहे पोरगा,’’ म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा लेखक गुणाचा माणूस इतकी पानं उगीच वापरत नाही.

आठव्या दिवशी सकाळी गराजमध्ये बसून मी ते पान वाचलं. जुलैचा शुक्रवार. बाईनं मटार सोलायला घेतलेत. दार वाजतं. दारात पोलीस बाई उभी आहे, आणि ती म्हणते, आपण जरा आत बसूया का.

मी पुस्तक मिटलं. गाडीत बराच वेळ बसले. रडू आलं नाही. आतमध्ये तोंड खाली घालून बसलेली बाई माझ्या घरात उरलेलं एकच माणूस होती, आणि तिला हे मी माझ्या तोंडानं ऐकवणार नव्हते. काय वाटेल ते झालं तरी नाही. हरवलं म्हणायची सोय नव्हती, पुस्तक रोज माझ्या हातात होतं. मालिका लावायची सोय नव्हती, कादंबरी नवीकोरी होती आणि त्यांना वर बघायची मनाई होती. मग एकच उरलं. लेखक टीव्हीसाठी जे करतो, तेच मी करायचं. त्याला जमतं, त्यात काय एवढं? मनात दोन-चार वाक्यं जुळवली आणि आत गेले.

दुपारी वाचायला बसले. मटार वाचले. भांडं वाचलं, खिडकीतून येणारं ऊन वाचलं. दार वाजलं.

‘‘हं,’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचा अंबाडा जरासा हलला.

पानावर पोलीस बाई उभी होती. मी पानाकडे बघतच माझं इंग्रजी सुरू केलं. दारात मुलगा उभा होता. उशीर झाला म्हणून ओशाळलेला. त्यानं पायरीवर बूट आपटून बर्फ झाडला. बूट काढून चटईवर ठेवले, एक सरळ आणि एक आडवा. बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुतले आणि ओल्या पायांनीच स्वयंपाकघरात आला. आई म्हणाली, पाय पूस. त्यानं न पुसता गॅसवरच्या भांड्याचं झाकण उचललं.

मी थांबले. थांबायला शिकवलंच होतं त्यांनी. खरं तर पुढचं वाक्य जुळत नव्हतं. जे जुळवून आले होते त्यातलं एकही मी वाचलं नव्हतं. हे कुठून आलं मला कळत नव्हतं.

बाहेर शेजारच्यांचा माळी यंत्रानं पानं उडवत होता.

‘‘जुलै आहे ना तिथं?’’ सासूबाईंनी फरशीला विचारलं.

मी पानावर बोट ठेवलं.

‘‘जुलैत बर्फ पडला त्यांच्याकडे?’’

‘‘तसं लिहिलंय,’’ मी म्हणाले. इतकं वाईट खोटं मी शाळेतसुद्धा बोलले नव्हते.

‘‘आणि बाहेरून आल्यावर पाय धुतात का ते लोक? मी इतकी पुस्तकं वाचली त्याची. एकही माणूस पाय धुऊन घरात आला नाही आजपर्यंत.’’

माझं पितळ उघडं पडलं होतं. पण लाज वाटायच्या आधीच मला दिसलं, की मी काय वाचून दाखवलं होतं. दारातली चटई आमची होती. आडवा बूट त्याचा होता. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि बावीस हिवाळे तो ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आला आणि झाकण उचलून बघितलं. सासूबाई रोज म्हणायच्या, पाय पूस. जानेवारीत त्या दिवशी दार वाजलं तेव्हा आम्हा दोघींनाही हाच माणूस दारात हवा होता.

‘‘आई, त्यात तो...’’ मी म्हणाले. ‘‘पुस्तकात तो...’’

‘‘मेला,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘माहीत आहे मला. ह्या लेखकाला मी आज ओळखून राहिली का? शुक्रवारी शुक्रवारी जेवायला येते म्हणाला तेव्हाच समजलं होतं.’’ मग थांबून म्हणाल्या, ‘‘माझा पोरगा मेला.’’

नऊ महिन्यांत तो शब्द त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी उच्चारला. मी खाली बघितलं. खुर्चीच्या भोकाखाली फरशीवर ठिपके पडले होते. आधी वाटलं डोळ्यात घातलेलं औषध असेल. मग एकामागून एक पडायला लागले. मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, आणि मला इतकं दुखलं की ओरडावंसं वाटलं. छातीत, दातांत, बोटांत, सगळीकडे. बधिर हातात रक्त परत येतं तेव्हा दुखतं, हे मी विसरले होते. त्यांचा हात चाचपडत खाली आला आणि माझ्या डोक्यावर राहिला.

‘‘डोळ्याला त्रास होईल, आई,’’ मी शेवटी म्हणाले.

‘‘होऊ दे.’’

‘‘बुडबुडा जिरायला हवा ना. मग तिकीट...’’

‘‘बुडबुड्याचं काय घेऊन बसली तू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोणी म्हटलं का मला, जाऊ नका म्हणून?’’

‘‘जाऊ नका,’’ मी म्हणाले.

त्यांनी नाक ओढलं. वर बघायची मनाई होती म्हणून, नाहीतर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, असं मला वाटतं. माळ्याचं यंत्र थांबलं होतं. त्यांनी चेहरा गादीत नीट बसवला, दोन्ही हात मांडीवर घेतले, वर्गात बसल्यासारखे.

‘‘ते पुस्तक उद्या लायब्ररीत देऊन टाक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लोक रांगेत थांबले आहेत. झाकण उचलून काय म्हणाला तो? तू वाच.’’

मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि पुढचं वाचायला लागले.